उलटी काढलेली चारी

मी बारामतीला एम.ए. भूगोल करत होते तेव्हा आमच्या विभागात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आमच्या वस्तीतला विहार सोडला तर इतक्या आदराने चपला मी आणखी कुठे काढल्याचं आठवत नाही. आत सर आकडे टाकायचे आणि पडद्यावर रंगीत खांब उभे राहायचे. ते आम्ही लांबूनच बघायचो. आमचं काम सगळं हातानं चालायचं. ट्रेसिंग पेपर, शाईचं बारीक टोकाचं पेन, अक्षरांसाठी स्टेन्सिल, आणि चूक झाली की शाई खरवडायला दाढीचं अर्धं ब्लेड. त्या ब्लेडने माझ्या बोटांची कायम वाट लागलेली असायची.

विषय होता माहितीचं चित्र करण्याचा. पाऊस, पिकं, माणसं, पाणी, जे काही मोजता येतं ते नकाशावर आणि आलेखावर कसं मांडायचं. पुस्तकात त्याला भलं मोठं नाव होतं. सर सोपं सांगायचे की आकडा वाचावा लागला तर तुमचं चित्र फसलं, तो दिसला पाहिजे. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक लघुप्रबंध करायचा होता आणि मी विषय घेतला होता इंदापूर तालुक्यातलं कालव्याचं पाणी. घेतला याचं कारण एवढंच की माझे वडील पाटकरी होते आणि मला वाटलं आकडे फुकटात मिळतील.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याची राखण आणि वाटणी करणारा पाटबंधारे खात्याचा माणूस. आबांकडे निमगाव केतकीच्या अलीकडची एक चारी होती. चारी म्हणजे कालव्यातून फुटलेला लहान पाट. त्याला जागोजाग दारं असतात आणि एकेका दारावर काही शेतकरी. आबा सातवी शिकलेले. खाकी शर्ट, सायकल, खांद्याला पिशवी, हातात दारं उचलायची लोखंडी किल्ली. पाणी सुटलं की दिवसच्या दिवस चारीवर. लोक त्यांना आबाच म्हणत आणि पाणी हवं असलं की आबाराव म्हणत.

मी पहिल्यांदा जे काढून नेलं ते सरांनी दोन मिनिटांत परत दिलं. पावसाचे खांब होते, पिकांची वर्तुळं होती, ऊस हिरवा आणि ज्वारी पिवळी. हे चित्र नाही, हे रंगवलेलं रजिस्टर आहे, असं सर वर्गासमोर म्हणाले. वर्गात हशा पिकला. बारामतीलगत जळोचीला दोन मुलींबरोबर मी खोली घेऊन राहत होते, तिथे जाऊन मी चिडून सगळे कागद गुंडाळून कॉटखाली ढकलले आणि शनिवारच्या एसटीने घरी गेले.

घरी दाराच्या मागे आबांचे कागद होते. ते तिथे कायमच होते. कॅलेंडरचा महिना संपला की आबा ते पान फाडायचे आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर चारीचं चित्र काढायचे. मधोमध एक उभी रेघ म्हणजे चारी. तिच्या कडेने एकाखाली एक दारं. प्रत्येक दारापुढे एक आडवी चौकट, त्या दाराला जितके तास पाणी मिळायला हवं तितकी लांब. एक बोट म्हणजे दोन तास. ऑफिसातून मिळालेली एक पेन्सिल होती, एका टोकाला निळी आणि दुसऱ्या टोकाला लाल. पाणी जितके तास खरोखर पोचलं तितकी चौकट निळी करायची. नाही पोचलं तर तितकी जागा कोरी. आणि कुणी पाळी नसताना दार फोडून घेतलं तर ते चौकटीच्या बाहेर लाल.

रजिस्टर वेगळं होतं. त्यात सगळ्या दारांचे तास अगदी नेमके भरलेले असत. साहेब म्हणतील तसं आबा ते भरत. रजिस्टर साहेबाचं आणि कागद माझा, असं ते म्हणायचे. दाखवत मात्र कुणालाच नसत.

मला त्या कागदांची लहानपणी लाज वाटायची. शाळेत वह्यांना कॅलेंडरची कव्हरं घालायची पद्धत होती आणि माझ्या वहीवर एकदा आबांच्या चित्राची बाजू वर आली होती. तुझा बाप अजून पाटीवर रेघोट्या मारतो का, असं कुणीतरी विचारलं होतं. त्या दिवसापासून मी ब्राऊन पेपरसाठी हट्ट धरायला लागले.

त्या शनिवारी मात्र मी दाराआडची गुंडाळी उलगडली आणि उभीच राहिले. सर दोन वर्षं जे घसा कोरडा करून सांगत होते ते इथे कॅलेंडरच्या पाठीवर होतं. आबांच्या चित्रात टेल वर होतं, म्हणजे चारीचं शेवटचं टोक कागदाच्या माथ्याला. तिथल्या चौकटी जवळजवळ सगळ्या कोऱ्या. खाली येता येता निळं भरत जायचं आणि तळाशी, जिथे चारी कालव्यातून निघते त्या हेडच्या दारांवर, लाल चौकटी फोडून बाहेर सांडलेलं. एक अक्षर न वाचता पाणी कुणाला मिळालं नाही ते कळत होतं. टेलला आमच्याच भावकीची वीस-वीस गुंठ्यांची रानं होती. माझी चुलती आबांशी महिना महिना बोलायची नाही ती का, हेही मला त्या कागदावर पहिल्यांदा दिसलं.

मी आबांना म्हणाले की हे अभ्यासाला पाहिजेत. आधी त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याने एकेक पान पुसलं आणि जेवणाआधी तासभर मला समजावून सांगितलं. मी वहीत लिहून घेतल्यासारखं करत होते. इतकी वर्षं ज्या माणसाला कुणी हे काय आहे म्हणून विचारलं नव्हतं, त्याची लेक विचारत होती, आणि लेकीचं अर्धं लक्ष सर काय म्हणतील याच्यात होतं. शेवटी ते म्हणाले, “दोनच गोष्टी ध्यानात ठेव. दारांचं नंबर घालू नको. आन् टेल वर ठेव. पाळी तितनं लागती, बघणाऱ्यानंबी तितनंच लागावं.”

पाळी तिथून लागते ते खरंच. शेजपाळीची रीत अशी की शेजाऱ्यामागून शेजाऱ्याला पाणी द्यायचं आणि सुरुवात चारीच्या अगदी शेवटच्या दारापासून करायची. हेडवाल्याने पोट भरून घेतलं तर खाली काही उरत नाही, म्हणून शहाण्या माणसांनी घालून दिलेली रीत. पाटावरच्या पोरासोरांनाही ती ठाऊक असते. मला तर उठता बसता ठाऊक होती.

मी दोन्ही गोष्टी मोडल्या. नंबर घातले, कारण नाव नसलेली खूण म्हणजे अर्धा नकाशा, असा सरांचा नियम होता. आणि हेड वर घेतलं, टेल खाली. पाणी वरून खाली वाहतं तेव्हा चित्रही वरून खाली वाहिलं पाहिजे, असं मी ठरवलं. आबांचं चित्र मला सुधारायचं होतं. दोन वर्षं कॉलेजात काढली होती, नाकाने कांदे सोलण्याइतकी अक्कल आली होती. शिवाय शेतातला माणूस कशाला एम.ए.चा लघुप्रबंध वाचायला येतोय, अशी मनाची समजूतही घातली. बारा महिन्यांची बारा चित्रं मी एका मोठ्या तक्त्यावर आणली, निळ्याच्या जागी बारीक तिरप्या रेघा, लालच्या जागी भरीव लाल शाई. महिनाभर खपत होते. ते काम माझं होतं, ते नाकारत नाही.

सरांनी तक्ता टेबलावर पसरला आणि बाराही महिने एकेक करून बघितले. मग त्यांनी विचारलं की ही पद्धत कुठल्या पुस्तकातली. मी म्हणाले, कुठल्याच नाही. मग कुणाची, असं ते म्हणाले.

“माझीच,” मी म्हणाले.

इतकं सहज. आबांचं नाव ओठावर आलंच नव्हतं असं नाही. पण मला ती खाकी पिशवी दिसली, कॅलेंडरची पानं दिसली, वर्गातला हशा ऐकू आला आणि मी गप्प बसले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी आयुष्यात एकदाच झाले, पण पुरता फणा काढून झाले. टायपिस्टकडे दिलेल्या आभाराच्या पानात विभागातल्या सगळ्या सरांची नावं होती, ग्रंथपालांचं होतं, खोलीतल्या दोघींची होती, खुद्द टायपिस्टचंही होतं. तळाला एक ओळ होती: पाटबंधारे खात्याचे कर्मचारी यांचेही सहकार्य लाभले.

तोंडी परीक्षेच्या आधी विभागाने नकाशांचं प्रदर्शन भरवलं. सरांनी माझा तक्ता दारासमोरच्या भिंतीवर लावला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचे पालक आले होते. त्यात आमच्या चारीवरचे एक बागायतदार होते, हेडच्या तिसऱ्या दाराचे. त्यांनी मला ओळखलं नाही, आपलं दार मात्र लगेच ओळखलं. मी हेड वर घेतलं होतं ना. त्यामुळे सगळं लाल माथ्याला होतं आणि आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जायची. आबांच्या कागदावर आधी कोण तहानलेलं राहिलं ते दिसायचं. माझ्या कागदावर आधी चोर दिसत होता. त्या गृहस्थांनी तिसऱ्या दारावर बोट ठेवलं, ते लालवरून शेवटापर्यंत फिरवलं, नंबर पुन्हा वाचला आणि शांतपणे निघून गेले. मला वाटलं त्यांना तक्ता आवडला.

चार दिवसांनी मला वर्गातून बोलावणं आलं. विभागात सर होते, आबांच्या शाखेचे साहेब होते आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर आबा उभे होते. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. त्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता, चपला काढायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या अनवाणी पायांकडे बघताना मला आधी राग आला आणि मग माझ्या रागाचीच किळस आली.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. खात्याच्या रजिस्टरमध्ये सगळ्या दारांना बरोबर पाणी दिलेलं आहे. मग हे तास कुठून आले. तक्ता खरा असेल तर पाटकऱ्याने वर्षभर खोटं रजिस्टर भरलं, आणि मग त्याचं काय करायचं ते खातं बघेल. रजिस्टर कुणाच्या सांगण्यावरून भरलं जातं ते त्या खोलीत आबांना ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं आणि मलाही होतं. साहेबांनी विचारलं, “पाटकरी, हे आकडे तुम्ही दिलेत?”

आबा तक्त्याकडे बघत राहिले. तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, कारण त्यांना दाखवायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांची नजर वरून खाली गेली, परत वर आली, नंबरांवर थांबली. बारा महिने उन्हातान्हात सायकल मारून जमवलेला एकेक तास तिथे शाईत होता. मग ते म्हणाले, “न्हाय साहेब. आमच्या रजिस्टरात ह्यातलं काय न्हाय. पोरीनं मनानं काढलंय. उलटंबी काढलंय, बघा की, टेल खाली घातलंय. पाटकऱ्यानं काढलं असतं तर असं काढलं असतं का?”

साहेब हसले. त्यांना नेमकं हेच उत्तर हवं होतं. सर माझ्याकडे वळले. त्यांना एकाच वाक्यात दोन गोष्टी कळल्या होत्या, हा माणूस माझा बाप आहे आणि मी काहीतरी लपवलं आहे. आकडे मनाचे आहेत का, असं त्यांनी मला विचारलं. हो म्हणावं तर आकडे बनवल्याचा ठपका माझ्यावर. नाही म्हणावं तर आबांची नोकरी. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी आबांचा विचार करत नव्हते. परीक्षेचा करत होते, आणि कुठल्या उत्तराने मी कमी बुडेन याचा हिशेब मनात चालला होता. तो हिशेब आबांच्या उत्तराशी जुळला एवढंच.

“नमुन्यादाखल काढलंय सर,” मी म्हणाले.

नमुना म्हणून चालेल, असं सर म्हणाले. तसं लिहा मात्र. त्यांनी एक चिठ्ठी टाइप करून आणायला लावली आणि ती माझ्याच हाताने तक्त्याखाली चिकटवून घेतली. ‘आकडे काल्पनिक.’ प्रबंधाच्या तिन्ही प्रतींत तशीच चिठ्ठी लागली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पद्धतीचं कौतुक केलं, मूळ कल्पना विद्यार्थिनीची आहे असा शेराही दिला. सरांनी मान हलवली, माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर निकालापर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्या दिवशी कॉलेजमधून मी आबांबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत गेले होते. ते रागावतील, निदान नंबर का घातलेस म्हणून विचारतील, याची मी वाट बघत होते. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इंदापूरची गाडी लागली तेव्हा ते पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, “तुज्या परीक्षेला काय अडचण न्हाय ना यायची?”

मी न्हाय म्हणाले. माफी मागायची होती ती तिथेच राहिली, आणि पुढे घरी गेल्यावर विषय काढायची हिंमत झाली नाही.

कॅलेंडरची पानं मी नेऊन दिली. आईने ती स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरली, तारखांची बाजू वर करून. डब्यांखाली ती वर्षभर होती, मग उंदरांनी कुरतडली. आबांनी नवं चित्र काढलं नाही. लाल-निळी पेन्सिल त्यांनी ऑफिसात परत केली. सरकारी ऑफिसात पेन्सिल परत करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. रजिस्टर मात्र निवृत्तीपर्यंत साहेब म्हणतील तसं भरत राहिले.

त्याच उन्हाळ्यात चुलती मला विहाराजवळ भेटली. तुझ्या बापाकडे सगळं पाणी कागदावर लिहून ठेवलेलं आहे असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं. टेलच्या बाया मिळून मोठ्या साहेबाकडे अर्ज घेऊन जाणार होत्या, तर तो कागद जोडायला मिळेल का, असं ती विचारत होती. माझ्याकडे प्रबंधाची प्रत होती. हात पुरेल इतक्या अंतरावर, पिशवीत. मी तिला सांगितलं की ते खरं नाही, मनानं काढलेलं आहे. ती म्हणाली, मग जाऊ दे. त्या बाया कागदाशिवायच गेल्या आणि साहेबाने रजिस्टर दाखवून त्यांना परत पाठवलं.

पुढे मी एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले आणि जळोचीतच राहिले, आता एकटीने दोन खोल्या घेऊन. आलेखाचा धडा आला की फळ्यावर मी चौकटी काढायचे, पाणी, कोरी जागा, बाहेर सांडलेलं लाल. मुलांना पटकन कळायचं. ही युक्ती कुणाची असं एकाही वर्गाने मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं याची मला खात्री देता येत नाही.

आणखी काही वर्षांनी आबा निवृत्त झाले आणि आठवडाभर माझ्याकडे राहायला आले. दुपारी मी तपासायच्या वह्या घेऊन बसले होते आणि ते कपाटातली पुस्तकं काढून बघत होते. प्रबंध त्यांच्या हातात आला तसं माझं वह्यांवरचं लक्ष उडालं. त्यांनी घडी घातलेला तक्ता उलगडला, गुडघ्यांवर पसरला. चष्मा घरी विसरला होता. मग त्यांनी तो तक्ता दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश फिरवून उलटा धरला, टेल वर आणि हेड खाली. अक्षरं उलटी झाली, चित्र सुलटं झालं. बराच वेळ ते तसंच बघत बसले. आता माथ्याला आलेल्या चिठ्ठीवर त्यांनी बोट ठेवलं आणि काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. नोकरी वाचली म्हणाले, आणि तेही उपहासाने नाही.

मग त्यांनी विचारलं की पुस्तकाच्या सुरुवातीला आभार मानायची पद्धत असते ना, ते पान वाच. पान नाही असं सांगता आलं असतं, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. एखादी ओळ पदरची घालूनही वाचता आली असती. तेवढं तरी मी केलं नाही. सरांची नावं वाचली, ग्रंथपालांचं, मैत्रिणींचं, टायपिस्टचं. शेवटी तळाची ओळ वाचली आणि थांबले.

आबा थोडा वेळ थांबले, आणखी काही आहे का बघायला. मग त्यांचा चेहरा उजळला.

“खात्याचे कर्मचारी,” ते म्हणाले, “म्हंजी मीच की.”

मी व्हय म्हणाले.